चौकात पाणी कुठून येतं? पुण्यातल्या एका वस्तीच्या पावसाळी पाहणीच्या नोंदी, २०२५

आमचा भाग पुण्याच्या दक्षिणेला, आंबील ओढ्याच्या खोऱ्यात आहे. कात्रजच्या डोंगरातून निघून हा ओढा पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल असा खाली येत मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेल्या पुरात माणसं दगावली, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. आम्ही थेट काठावर नाही, थोडे चढावर आहोत. त्यामुळे आमच्याकडे एरवी ओढ्याचं पाणी येत नाही, पावसाचं साचतं. चौकात गुडघाभर, आणि चौकाखालच्या गल्लीत दहा-बारा बैठ्या घरांमध्ये थेट घरात. दरवर्षी तक्रारी जातात, दरवर्षी चौकातली पावसाळी गटाराची जाळी साफ होते आणि दरवर्षी पाणी साचतं. या वर्षी आम्ही रहिवाशांनीच आधी कारण शोधायचं ठरवलं. कुणाला आपल्या भागात असं काम करायचं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी.

१३ एप्रिल, रविवार

पहिली बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये, सकाळी अकरा वाजता. आले ते बहुतेक फ्लॅटवाले, गणेश मंडळाची दोन-तीन पोरं, जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले एक काका. प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं: नालेसफाई होत नाही. काकांनी एका कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे "आपण डोळ्यांनी पाहिलेलं", उजवीकडे "आपल्याला वाटतं ते". तासाभरात उजवी बाजू भरून पाठीमागे गेली. डावीकडे चार ओळी.

शेवटी तीन प्रश्न पक्के केले. चौकात येणारं पाणी कुठून येतं? कुठे अडतं? किती पाऊस झाला की साचायला लागतं? पार्किंग, भटकी कुत्री, खड्डे हे विषय यादीतून काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला, थोडी नाराजीही झाली. पण हे करावंच लागतं. सगळेच प्रश्न घेतले असते तर एकाचंही मोजमाप झालं नसतं.

२० एप्रिल, रविवार

खालच्या गल्लीतून पहिल्या बैठकीला कुणीच आलं नव्हतं. कारण साधं आहे. रविवारी अकराला तिथल्या बायका आमच्याच इमारतींमध्ये धुणीभांडी करत असतात, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांना कुणी कधी खुर्ची दिलेली नाही. आज बैठक गल्लीतल्या मारुतीच्या पारावर, रात्री साडेआठला घेतली. पार भरला.

शिवणकाम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "तुम्ही चौकाचं पाणी चौकाचं पाणी म्हणताय. आमच्याकडे चौकातून नाही येत. मोरीतून येतं. आधी वास येतो, मग बुडबुडे, मग पाणी." शेजारच्या तिन्ही घरांनी तेच सांगितलं. एकाने तर वेळेचा हिशोब दिला: जोराचा पाऊस लागला की पंधरा-वीस मिनिटांत मोरी उसळते, चौक त्यानंतर भरतो.

म्हणजे आपण एक समजत होतो ते दोन वेगळे प्रश्न आहेत. चौकात साचतं ते पावसाचं पाणी. घरात शिरतं ते ड्रेनेजचं, उलटं फिरलेलं. अकराच्या बैठकीतल्या कागदावर ही ओळ डावीकडेही नव्हती आणि उजवीकडेही नव्हती.

घरोघरी भिंतीवर पाण्याच्या खुणा दाखवल्या. २०१९ ची खूण वेगळी, त्या रात्री मात्र ओढ्याचं पाणी खालच्या बाजूने वर चढलं होतं. जुन्या पेठांतल्या घरांत १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या खुणा जशा जपून ठेवलेल्या सापडतात, तशा इथेही लोकांनी रेघ मारून खाली तारीख लिहिलेली आहे. या सगळ्या खुणा जमिनीपासून टेपने मोजून वहीत घेतल्या.

यापुढच्या सगळ्या बैठका पारावर, रात्रीच.

२७ एप्रिल, रविवार

जाळ्यांची मोजणी. चौकाकडे उतरणारे तीन रस्ते, दोन्ही कडांना पावसाळी गटाराच्या जाळ्या. माहिती गोळा करायच्या कोबोकलेक्ट या ॲपवर मराठीत फॉर्म बनवला: जाळीचा फोटो, जागा, किती भरली आहे, तुटली आहे का. ॲप फुकट आहे, नेट नसतानाही चालतं, फॉर्म बनवायला एक संध्याकाळ पुरते.

फसलं ते जागेचं. उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर फोनचं जीपीएस दहा-बारा मीटर इकडेतिकडे सरकतं. आमचा रस्ताच नऊ मीटरचा. घरी येऊन नकाशा उघडला तर उजव्या कडेच्या जाळ्या डाव्या कडेला, काही थेट लोकांच्या बेडरूममध्ये. पूर्ण दिवसाचं काम वाया गेलं.

उपाय मंडळाच्या एका पोराने काढला. रस्त्यावरच्या दिव्याच्या प्रत्येक खांबावर नंबर असतो. जाळीचा पत्ता आता असा लिहायचा: अमुक नंबरचा खांब, शाळेच्या बाजूला, चौकाकडे सात मीटर. पन्नास मीटरचा फायबरचा टेप विकत घेतला. हा पत्ता पुढे महापालिकेच्या माणसांनाही एका वाचनात समजला. जीपीएसचे आकडे दिले असते तर समजले नसते.

४ मे, रविवार

खांबाच्या पत्त्याने मोजणी पुन्हा केली. साठेक जाळ्या मिळाल्या. कागदावर मांडल्यावर काकांच्या लक्षात आलं की शाळेच्या रस्त्यावर जाळ्या साधारण सारख्या अंतराने आहेत, पण वरच्या टप्प्यात मोठं अंतर मोकळं. तिथे कधी नव्हत्याच, की गेल्या?

५ मे

पहाटे आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या जागी, गेले. हजेरी झाल्यावर आमच्या रस्त्याला झाडू मारणाऱ्या मावशींना कागद दाखवला. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, चला, दाखवते. त्यांना इथे झाडून वीस वर्षं होत आली. मोकळ्या टप्प्यात आम्हाला फक्त डांबर दिसत होतं. त्यांनी झाडूच्या दांड्याने एकेक जागा दाखवली: "इथं होती. इथं होती. हितं तर माझी चप्पल अडकायची. वरचा थर टाकला तेव्हा गेल्या."

मावशींच्या सांगण्यावरून पाच ठिकाणी खडूने चौकोन केले. दोन ठिकाणी कडेचं डांबर थोडं खचलेलं होतं, बाकी तीन ठिकाणी काहीच खूण नाही. आपल्या रस्त्याचा हा सगळा नकाशा एका बाईच्या डोक्यात होता आणि इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. पाहणी करणाऱ्या कुणीही पहिल्या दिवशी कोठीवर जावं. आम्ही तीन आठवड्यांनी गेलो.

मावशींना आणि मुकादमांना पारावरच्या बैठकीचं बोलावणं दिलं. मुकादम म्हणाले, कामाच्या वेळेनंतर येतो, पण माझ्या नावाने काही लिहू नका. मान्य केलं, आणि तेव्हापासून कुणाचंच नाव नोंदींत ठेवलेलं नाही.

११ मे, रविवार

जाळ्यांना क्रमांक दिले. खडूचे आकडे दोन दिवसांत पुसले गेले म्हणून पिवळ्या ऑइल पेंटने पदपथाच्या कडेवर पुन्हा काढले. त्याआधी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन तोंडी होकार घेतला.

सुरक्षिततेचे नियमही आज ठरले, ते सगळ्यांना वाचून दाखवले. रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण कुणीही उघडायचं नाही. आत विषारी वायू असतो, दर वर्षी त्यात माणसं मरतात, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवून साफ करवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पाऊस चालू असताना विजेच्या खांबाला, डीपीला हात लावायचा नाही. साचलेल्या पाण्यात चालायचं नाही, मोजमाप भिंतीवरच्या पट्टीवरून दुरूनच वाचायचं. अठराच्या खालच्या मुलांना पावसात पाठवायचं नाही. त्यांना पर्जन्यमापक दिला.

१५ मे

पर्जन्यमापकाची कथा. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीचं वरचं तोंड कापून उलटं बसवायचं आणि बाजूला पट्टी चिकटवायची, अशी कृती सगळीकडे सांगतात. आमच्या बाटलीला मधे कंबर होती आणि बुडाला खळगे, त्यामुळे पट्टीवरचा आकडा निरर्थक. नंतर सरळ भिंतीचा, दहा सेंटीमीटर व्यासाचा स्टीलचा डबा घेतला. साठलेलं पाणी मापाच्या भांड्यात ओतायचं आणि हिशोब करायचा: शंभर मिलिलिटर म्हणजे १२.७ मिलिमीटर पाऊस. शाळकरी मुलांनी याचा तक्ता करून डब्याच्या झाकणावर चिकटवला.

जागेवरूनही अडलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ ठेवला तर टाकीच्या आडोशाने पाऊस कमी पडतो. अडथळा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर डबा हवा. तसा कोपरा तीन गच्च्या पाहिल्यावर मिळाला.

२१ मे

काल संध्याकाळी वळवाचा जोरदार पाऊस झाला. व्हॉट्सॲपवर फोटोंचा मारा, शंभराच्या वर. आज सकाळी क्रमाने लावायला बसलो तर उपयोगाचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फोटो कधी काढला ते कळत नाही, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की त्यातली वेळ आणि जागा निघून जाते. पाठवल्याची वेळ दिसते, पण बऱ्याच जणांनी पाऊस थांबल्यावर घरी जाऊन सगळे एकदम पाठवले होते. शिवाय सगळ्यांनी चौकाचेच फोटो काढले. वरच्या रस्त्याचा एकही नाही. पाणी साचलेलं दिसतं तिकडेच माणसाचं लक्ष जातं, आपल्याला हवं होतं ते वाहतं पाणी.

२६ मे

आज मान्सून पुण्यात दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. आमचं सगळं वेळापत्रक जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या हिशोबाने होतं. भिंतीवरच्या पट्ट्या रंगवायच्या राहिल्या आहेत, निरीक्षक ठरलेले नाहीत, आणि ओल्या भिंतीवर रंग धरत नाही. या पंधरवड्यातले चांगले पाऊस नोंदीविना गेले. पुढच्या वर्षी कुणी सुरू करणार असेल तर मार्चमध्येच करा, एप्रिलचा भरवसा धरू नका.

१ जून, रविवार

पद्धत बदलली. फोटो बंद, वही सुरू. आठ ठिकाणं ठरवली आणि प्रत्येक ठिकाणाला एक घर किंवा दुकान जोडून दिलं. माणूस घर सोडून जात नाही, खिडकीतून किंवा शटरमधून बघतो. किराणावाले, इस्त्रीवाले, गल्लीतल्या शिवणकामवाल्या ताई, शाळेचे रखवालदार, पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एक आजी. प्रत्येकाला एक वही, चार रकाने: पाऊस कधी लागला, पाणी कडेने वाहायला कधी लागलं, पट्टीवर किती, कधी ओसरलं. भिंतींवर ऊन पडल्याचा एक दिवस पकडून दहा-दहा सेंटीमीटरच्या पट्ट्या काढल्या.

इस्त्रीवाल्या दादांना लिहिता येत नाही. त्यांच्यासाठी घड्याळाची चित्रं छापलेला कागद केला, त्यावर ते काट्यांच्या रेघा मारतात. आठही वह्यांत त्यांची नोंद सगळ्यात नेमकी निघाली, कारण दिवसभर ते एकाच जागी उभे असतात.

१६ जून

चार-पाच चांगल्या पावसांच्या वह्या एकत्र लावल्या. पारावर मोठा कागद अंथरून वेळेच्या रेघेवर आठही ठिकाणं मांडली. आता चित्र दिसतंय.

पहिलं म्हणजे, शाळेच्या रस्त्यावरून पाणी सरळ चौकात उतरतं. मधल्या जाळ्यांजवळून जातं, पण आत जात नाही. चौकातली जाळी स्वच्छ असली तरी एकटीला ते सगळं गिळता येत नाही. नकाशावर मोजलं तर चौकाकडे उतरणारी जमीन साधारण चार हेक्टर आहे. तिच्यावर तासात २० मिलिमीटर पाऊस पडला तर आठ लाख लिटर पाणी होतं. त्यातलं थोडं मातीत मुरतं, पण आमच्याकडे माती उरली आहे कुठे?

दुसरं म्हणजे, आमच्या डब्यात तासाला दहा-बारा मिलिमीटरच्या आत पाऊस पडला तर चौक कोरडा राहतो. वीसच्या पुढे गेला की भरतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांना गप्प करणारी निघाली. खालच्या गल्लीतली मोरी चौक कोरडा असतानाही उसळते. म्हणजे ड्रेनेजच्या लाइनीत पावसाचं पाणी दुसऱ्याच वाटेने शिरतंय, आणि तेही लगेच.

२२ जून, रविवार

शुक्रवारी पालख्या पुण्यात आल्या, आज निघाल्या. मंडळाची पोरं वारकऱ्यांच्या सेवेत होती, कोठीचे कर्मचारी पालखी मार्गावर. काम बंद.

२९ जून, रविवार

काकांना संशय होता की वरच्या इमारतींच्या गच्चीचे पाइप पावसाळी गटाराऐवजी ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले असतील. आज तपासलं, आणि फक्त इमारतींच्या आवारातल्या चेंबरांवर. झाकण उघडलं ते सोसायटीच्या नेहमीच्या प्लंबरने. गच्चीवरच्या पन्हाळीत रंगीत पाणी ओतायचं आणि कोणत्या चेंबरमध्ये उतरतं ते बघायचं.

रांगोळीचा रंग पहिल्यांदा वापरला. तो पाण्यात विरघळत नाही, पाइपातच बसला. नंतर लाल खाद्यरंग, बादलीभर पाण्यात. फिका पडला, काही दिसलं नाही. शेवटी नळी लावून गच्चीवर पाणी चालू ठेवलं आणि त्यात पूर्ण बाटली रंग ओतला. दोन मिनिटांत ड्रेनेजच्या चेंबरमध्ये लाल पाणी.

संध्याकाळपर्यंत सात इमारती तपासल्या. त्यांपैकी पाच इमारतींच्या गच्च्यांचं पाणी ड्रेनेजमध्ये जातं. माझी इमारत त्या पाचांत आहे.

३ जुलै

रात्री पारावर हे सांगायचं होतं. वरच्या इमारतींमधून आलेल्यांपैकी कुणी पुढे होऊन बोलेना, म्हणून मी सांगितलं. तुमच्या मोरीतून जे येतं त्यात आमच्या गच्च्यांचं पाणी आहे. गल्लीतले लोक चिडतील असं वाटलं होतं. एक आजोबा एवढंच म्हणाले, "मग बंद करा की." त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता. आमच्या इमारतींमध्ये मात्र तो तिथून पुढे सुरू झाला.

१३ जुलै, रविवार

सोसायट्यांच्या बैठका. आक्षेप असे आले: बिल्डरने तसंच दिलंय, आम्ही काय करणार. खर्च कोण देणार. महापालिकेने करावं. एका सभेत सरळ विचारणा झाली की खालच्या गल्लीसाठी आपण पैसे का घालायचे. मी वाद घातला नाही, शिवणकामवाल्या ताईंची वही वाचून दाखवली. तारीख, वेळ, "पाणी आलं, पीठ भिजलं", तारीख, वेळ, "पाणी आलं, मशीन वर उचललं". त्यानंतर प्लंबरला दर विचारायचं ठरलं.

दर: गच्चीचा पाइप ड्रेनेजपासून तोडून पावसाळी गटाराकडे न्यायला इमारतीमागे साधारण दहा ते पंधरा हजार. पाणी जमिनीत मुरवायला शोषखड्डा किंवा बोअरवेल पुनर्भरण केलं तर जास्त, पण त्यावर मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते. सोसायटीच्या खजिनदारांना हा आकडा दाखवल्यावर चर्चेचा सूर बदलला. आधी माहीत असतं तर पहिल्या सभेतच हे कागद घेऊन गेलो असतो.

१७ जुलै

क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्यांबरोबर जागेवर पाहणी. जाळ्यांबद्दलच्या आमच्या पहिल्या अर्जाला उत्तर आलं नव्हतं त्याचं कारण आज कळलं. १२ मीटरपेक्षा रुंद रस्ते पथ विभागाकडे असतात, त्याहून अरुंद क्षेत्रीय कार्यालयाकडे. आम्ही तिन्ही रस्त्यांचा एकच अर्ज केला होता आणि त्यातला एक रस्ता मोठा. अर्ज दोन टेबलांच्या मधे अडकला. रस्त्याची रुंदी मोजून रस्त्यागणिक वेगळा अर्ज करा.

आम्ही वीस पानांचा अहवाल घेऊन गेलो होतो. त्यांनी तो चाळला आणि म्हणाले, "मला एक पान द्या. कुठली जाळी, काय करायचं, कुठल्या क्रमाने." बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्याकडे असे कितीतरी चौक आहेत. घरी येऊन एक पान केलं: जाळीचा क्रमांक, खांबाचा पत्ता, काम, आणि हे आधी का करायचं याची एक ओळ.

त्यांच्याकडून आम्हाला शिकायला मिळालं ते असं की डांबराखाली गेलेली जाळी नुसती उघडून भागत नाही. रस्ता थरावर थर चढून उंचावलेला असतो, त्यामुळे चेंबरही वर उचलून रस्त्याच्या पातळीला आणावा लागतो. जाळी रस्त्यापेक्षा किंचित खाली हवी. वर राहिली तर पाणी वळसा घालून जातं. गल्लीतल्या गवंडीदादांनी पाण्याची पारदर्शक नळी लावून उरलेल्या जाळ्या तपासल्या तेव्हा आणखी बऱ्याच जाळ्या वर निघाल्या. स्वच्छ, न तुटलेल्या, आणि निरुपयोगी. आमच्या फॉर्ममध्ये "भरली आहे का, तुटली आहे का" एवढंच विचारलं होतं. "रस्त्याच्या वर की खाली" हा रकाना नसल्याने साठ जाळ्यांची पाहणी तिसऱ्यांदा करावी लागली.

२७ जुलै, रविवार

मावशींनी दाखवलेल्या पाचपैकी चार जागी खोदल्यावर जाळी सापडली. पाचवी मिळाली नाही. मावशींचं म्हणणं, ती दुकानाच्या पायरीखाली गेली असणार. दुकानदाराशी बोलणं चालू आहे.

चौथ्या चेंबरमध्ये एक आडवा पाइप निघाला. कुठल्याशा खासगी केबलचा, चेंबरच्या भिंतीला भोक पाडून थेट आरपार नेलेला. त्याला प्लास्टिक, नारळाच्या शेंड्या, राडारोडा अडकून बूच बसलं होतं. फोटो, चेंबर क्रमांक आणि तारीख घालून पत्र दिलं. कार्यालयाने संबंधितांना नोटीस काढली.

१० ऑगस्ट, रविवार

केबलचा पाइप हलवला, चेंबर जोराने पाणी मारणाऱ्या जेटिंग मशीनने साफ झाला. चार जाळ्या पातळीला आणल्या. दोन इमारतींनी गच्चीचे पाइप वळवले, आमची त्यांत आहे. तिसरीने वर्गणी गोळा केली आहे.

काम करताना प्लंबरने आमचा पाइप थेट पदपथावर सोडला होता. पहिल्याच सरीत पादचाऱ्यांच्या पायावर धबधबा. पुन्हा खर्च करून पदपथाखालून गटारापर्यंत नेला. दर ठरवतानाच "गटाराच्या चेंबरपर्यंत" असे शब्द लिहून घ्या.

२० ऑगस्ट

दोन दिवस जोराचा पाऊस. खडकवासल्यातून मुठेत मोठा विसर्ग, नदीकाठच्या एकतानगरीच्या बाजूला पुन्हा हाल. आपल्या चौकातलं पाणी कमी करतो तेव्हा ते पुढे ओढ्यात आणि नदीतच जातं, हे पारावर एका कॉलेजच्या मुलीने बोलून दाखवलं. तिचं म्हणणं योग्य आहे. म्हणून उरलेल्या तीन इमारतींनी पाइप गटाराला न जोडता शोषखड्डेच करावेत असा आग्रह धरायचं ठरलं. वेळ लागेल, पैसेही जास्त.

या पावसाच्या वह्या: चौकात पट्टीवर वीस सेंटीमीटरपर्यंत पाणी आलं, पण पूर्वी तासन्‌तास राहायचं ते पाऊण तासात ओसरलं. गल्लीत मोरी उसळली. पाणी उंबऱ्याच्या आत आलं, पण ओट्यापर्यंत चढलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती बुधवारी. मंडळाच्या मांडवाचा एक खांब बरोबर नव्याने उघडलेल्या जाळीवर येत होता. पोरांनी स्वतःच मांडव दीड मीटर मागे घेतला आणि देखाव्याच्या बाजूला आमचा आठ वह्यांचा नकाशा मोठा करून लावायचं ठरवलं. छपाईचा खर्च मंडळाने केला.

नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. त्यासाठीचे अर्ज पारावर बसून भरले. एरवी या अर्जांत बाक, कमान, नामफलक मागितले जातात. आम्ही खालच्या गल्लीचा रस्ता नवा थर देण्याआधी खरवडून खाली घ्यावा आणि ड्रेनेजच्या लाइनीला उलटं पाणी अडवणारी झडप बसवावी, अशी दोनच कामं मागितली. सोबत एक पान आणि वह्यांच्या प्रती.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

देखाव्याशेजारच्या नकाशावर लोकांनी दहा दिवसांत पेनाने खुणा केल्या. त्यात आम्हाला ठाऊक नसलेल्या दोन जागा निघाल्या. शेजारच्या प्रभागातल्या एका मंडळाने फॉर्म मागितला. कोबोचा फॉर्म "वर की खाली" रकान्यासह दिला, घड्याळाचे कागदही दिले.

१५ सप्टेंबर

रात्रभर आणि पहाटे मोठा पाऊस. आमच्या डब्यात एका तासात तीसच्या वर. चौक भरला, पट्टीवर जूनच्या तशा पावसापेक्षा निम्म्याच्या खाली. गल्लीतल्या घरांपैकी वरच्या बाजूच्या घरांत पाणी आलं नाही. सर्वांत खालच्या चार घरांत आलं, शिवणकामवाल्या ताईंकडेही. त्यांच्या वहीत लिहिलंय: "पहाटे ४.१०, मोरी, चार बोटं. मशीन आधीच वर होतं."

त्या चार घरांची जोती रस्त्यापेक्षा खाली आहेत. गच्च्यांचे सगळे पाइप वळवले तरी झडप आणि रस्ता खाली घेण्याचं काम झाल्याशिवाय त्यांची सुटका नाही. हे त्यांना तसंच सांगितलं.

९ नोव्हेंबर, रविवार

वर्षाचा हिशोब पारावर वाचला. टेप, रंग, डबे, वह्या, छपाई, खाद्यरंग मिळून सुमारे साडेसहा हजार, वर्गणीतून. इमारतींच्या पाइपांचा खर्च ज्यांचा त्यांनी केला. यात वाया गेलेले: पहिला रंग, बाटल्यांचे मापक, अहवालाच्या वीस पानांच्या रंगीत प्रती. एकूण पाच महिन्यांतला दीड महिना तरी पुन्हा मोजण्यात गेला.

शिल्लक कामं: तीन इमारतींचे शोषखड्डे. पाचवी जाळी. मोठ्या रस्त्यावरच्या वर राहिलेल्या जाळ्यांचा पथ विभागाकडचा अर्ज. अंदाजपत्रकातल्या दोन कामांचा पाठपुरावा, निवडणूक झाल्यावर नवे नगरसेवक येतील तेव्हा त्यांना तेच एक पान द्यायचं. कोठीवरच्या मावशी पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत, त्याआधी त्यांच्याबरोबर आजूबाजूचे चार रस्ते चालून त्यांना माहीत असलेल्या जाळ्या नकाशावर घ्यायच्या. त्या दिवसांचा मेहनताना वर्गणीतून द्यायचा ठराव झाला. पहिला रस्ता येत्या रविवारी, त्यांची सुट्टी असते म्हणून दुपारी चारला, शाळेच्या फाटकापासून.